सहा महिने परदेशी जाताय? गाडी अशी ठेवून जा (खास बडोदेकरांसाठी)

एप्रिल लागला की दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी घरांत बॅगांची वजनं सुरू होतात. कोणी मुलीच्या बाळंतपणाला टोरांटोला निघालेलं असतं, कोणी मुलाकडे न्यू जर्सीला. मेतकूट, गोडा मसाला, भाकरवडी काट्यावर चढतात आणि उतरतात. गाडीची आठवण होते ती विमानाच्या आदल्या रात्री. मग घाईघाईत कव्हर टाकायचं, चावी शेजारी द्यायची आणि निघायचं.

मीही पहिल्या खेपेला तेच केलं. ऑक्टोबरात परतलो, रिमोट दाबला तर गाडी गप्प. नवी बॅटरी आणली, इंजिन सुरू झालं, पण गाडी जागची हलेना. मागचं डावं चाक जाम. ते सुटलं तर एसीतून असा वास आला की सौ. दार उघडून खालीच उतरली. गॅरेजवाल्याने एअर फिल्टरचं झाकण काढलं आणि मला हाक मारली. आत चक्क घरटं होतं. बॉनेटखालच्या फेल्टचे पिंजलेले तुकडे, काच पुसायचं माझंच पिवळं फडकं, शेंगांची टरफलं आणि लिलो चेवड्याच्या पुडीचं प्लास्टिक, दातांनी कातरून बारीक नक्षी केल्यासारखं. ती पुडी मीच सीटखाली विसरलो होतो. वायरिंगसकट बिल झालं साडेअकरा हजार.

त्यानंतर तीनदा गाडी ठेवून गेलो आणि तिन्ही वेळा आल्या आल्या अर्ध्या तासात चालवली. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी मला विचारावं आणि मी प्रत्येकाला तेच सांगावं, त्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. आपली अडचण अशी की परदेशी जायचा मोसम आणि बडोद्याचा पावसाळा एकाच वेळी येतात. उभ्या गाडीचे वैरी तीन: ओल, उंदीर आणि उतरत जाणारी बॅटरी. पुढची बहुतेक खटपट या तिघांसाठीच आहे.

सगळ्यात आधी जागा

बाकी सारं नीट केलं आणि गाडी पाण्याखाली गेली तर काय उपयोग? ऑगस्ट 2024 च्या अखेरीस विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली होती. आजवा सरोवरातून पाणी सोडलेलं, शहरात पाऊस चालूच, आणि नदीकाठच्या कित्येक सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये गाड्या बुडाल्या. मगरी रस्त्यावर आल्या ते तर सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. त्याआधी 31 जुलै 2019 ला एका दिवसात 499 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हाही हीच कथा.

तेव्हा आधी आपल्या पार्किंगच्या खांबाजवळ जाऊन उभे राहा. पाणी कुठवर आलं होतं त्याची तपकिरी रेघ अजून दिसते का बघा. रंग मारून झाला असेल तर वॉचमनला विचारा, तो हात ठेवून दाखवेल. आमच्या खांबावर ती रेघ माझ्या गुडघ्याच्या चार बोटं वर आहे. गुडघाभर पाणी म्हणजे छोट्या गाडीत ते सीटच्या गादीला टेकतं, आणि गादीखालून जाणारी वायरिंग, सेन्सर सगळं संपतं. रेघ घोट्याच्या वर असेल तर पावसाळ्याचे महिने गाडी तिथे नको. तळघरातल्या पार्किंगमध्ये तर अजिबातच नको, मग सोसायटीचे सेक्रेटरी पंपाची कितीही खात्री देवोत.

मग कुठे? उंचावरच्या भागात कोणी बहीण, मित्र, व्याही असतील तर त्यांच्याकडे. व्याह्यांना गाडी सांभाळायला सांगताना जीभ अडखळते हे मान्य, पण दोन खेपा झाल्या की त्यांनाही सवय होते. माझी गाडी आता तिथेच असते.

पूर येत नसेल अशी जागा मिळाली तरी वर मान करून एकदा पाहा. कडुनिंबाखाली लावली तर चिकट थेंब पडतात. पत्र्याखाली कबुतरं बसत असतील तर त्यांची विष्ठा रंग खाते, आणि सहा महिने साचली की पॉलिशनेही डाग जात नाही. खाली फरशी किंवा सिमेंट असावं. माती आणि गवतावर उभ्या गाडीला खालून सतत ओल लागते.

महिनाभर आधी: सर्व्हिस आणि कागद

सर्व्हिस आल्यावर करू, असं बहुतेक जण म्हणतात. उलट करा. वापरलेल्या ऑइलमध्ये ओलावा आणि आम्लं साठलेली असतात, ती सहा महिने बेअरिंगांना लागून राहण्यापेक्षा ताजं ऑइल राहिलेलं बरं. मागच्या ऑइल बदलानंतर निम्म्याहून जास्त किलोमीटर झाले असतील तर बदलूनच जा. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. शेवटचं कधी बदललं ते आठवत नसेल तर तेही उरका. कूलंट आपल्याकडे गोठत नाही हे खरं, पण त्यात गंज रोखणारी रसायनं असतात. कोणी रेडिएटरमध्ये नळाचं पाणी ओतून ठेवलं असेल तर तेवढं काढून कंपनीने सांगितलेलं कूलंट भरून घ्या.

कागदांत मुख्य विमा. गाडी उभीच आहे, मग नुसता थर्ड पार्टी ठेवू, हा विचार डोक्यातून काढा. उभ्या गाडीलाच चोरी, आग, पडलेलं झाड आणि पूर यांची भीती जास्त, आणि त्यासाठी पूर्ण विमा लागतो. पॉलिसी तुम्ही तिकडे असताना संपत असेल तर निघण्याआधी एजंटशी बोलून नूतनीकरणाची तारीख आणि पैसे यांची सोय लावा. मुदत संपून 90 दिवस उलटले की साठवलेला नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो. खंड पडला तर पूर्ण विमा पुन्हा घेताना गाडी तपासून घ्यावी लागते, आणि तेव्हा तुम्ही टोरांटोत बर्फ बघत बसलेले असता. बडोद्यात राहणाऱ्याने इंजिन प्रोटेक्शनचं जादा कलम घेतलेलं असावं असं माझं मत आहे. पाणी इंजिनात शिरून झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत बऱ्याचदा नाकारलं जातं.

पीयूसीची तारीख पाहा. गाडी 15 वर्षांची होत आली असेल तर आरसीची मुदतही पाहा. आरसी, विमा आणि पीयूसी यांचे फोटो चावी सांभाळणाऱ्याच्या फोनवर पाठवून ठेवा.

पेट्रोल, आणि सीएनजीवाल्यांचं निराळं

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी एका प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात, जड असल्याने टाकीच्या तळाशी बसतात, आणि पेट्रोल खेचणारा पंपही तळाशीच असतो. टाकी रिकामी तेवढी आत हवा जास्त, हवा जास्त तेवढी ओल जास्त. म्हणून टाकी भरून ठेवा. भरून म्हणजे पंपाचं नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होतं तिथपर्यंत. वर टपटप ओतून गळ्यापर्यंत भरू नका, कारण मे महिन्याच्या 42-43 अंशांत पेट्रोल फुगतं आणि त्याला जागा लागते. तीन महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर फ्युएल स्टॅबिलायझर मिळतं ते बाटलीवर लिहिलेल्या मापाने घाला आणि मग दहा किलोमीटर चालवा, म्हणजे ते पाइप आणि इंजेक्टरपर्यंत पोचेल.

डिझेल गाडीचीही टाकी भरलेलीच ठेवायची. तिथे तळाला साचलेल्या पाण्यात शेवाळासारखा चिकटा वाढतो आणि तो फिल्टर चोंदवतो. डिझेल फिल्टरमधलं पाणी सर्व्हिसच्या वेळी काढून घ्या.

गुजरातेत सीएनजीच्या गाड्या पुष्कळ, आणि त्यांचा मालक पेट्रोलच्या काट्याकडे बघतही नाही. टाकीत चार लिटर पेट्रोल असतं, तेही गेल्या दिवाळीचं. अशी गाडी परत आल्यावर सुरूच होत नाही, कारण बहुतेक सीएनजी गाड्या पहिला सेल्फ पेट्रोलवर घेतात. म्हणून जाण्याआधी आठवडाभर गाडी पेट्रोलवर चालवून जुनं संपवा, नवं भरा. निघताना सिलिंडरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करा. सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी, दर तीन वर्षांनी असते. ती मधल्या काळात येत असेल तर आधीच करून घ्या, नाहीतर परतल्यावर पंपावाला गॅस भरणार नाही.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर मोठी बॅटरी साधारण 50 टक्क्यांवर ठेवा. 100 टक्के भरून महिनोनमहिने ठेवणं तिला सोसत नाही आणि 20 च्या खाली तर नकोच. तिच्यातही छोटी 12 व्होल्टची बॅटरी असते हे लोक विसरतात. तिचं काय करायचं ते गाडीच्या पुस्तकात पाहा, पेट्रोल गाडीसारखी थेट सोडवू नका.

दोन दिवस आधी: धुणं, आतून आणि बाहेरून

गाडी धुवा, मडगार्डच्या आतला चिखल आणि खालची बाजूसुद्धा. मातीचा पोपडा ओल धरून ठेवतो आणि त्याच्यामागे पत्रा गंजतो. धुतल्यावर लगेच उभी करू नका. पंधरा किलोमीटर फिरवून आणा म्हणजे ब्रेक, दारांच्या फटी, हेडलाइटच्या खाचा सुकतील. मग मेणाचं पॉलिश. दारांच्या रबरांना सिलिकॉनचा हलका हात किंवा नुसती टाल्कम पावडर लावली तरी चालते, नाहीतर रबर पत्र्याला चिकटतं आणि दार उघडताना फाटतं. वायपरच्या पात्यांखाली कापडाची घडी घाला.

आतून गाडी रिकामी करा. रिकामी म्हणजे खरोखर रिकामी. ग्लोव्ह बॉक्समधल्या गोळ्या, दाराच्या खणातली पाण्याची बाटली, डिकीतली गेल्या नवरात्रीतली चटई, नातवाने सीटच्या सांध्यात कोंबलेलं बिस्कीट. सॅनिटायझर, परफ्यूम, लायटर, पॉवर बँक हे मेच्या उन्हात बंद गाडीत ठेवायच्या वस्तू नव्हेत. व्हॅक्यूम मारा, मॅट काढून घरात नेऊन ठेवा. मॅटखालच्या कार्पेटवर तळवा दाबून पाहा. गार किंवा ओलसर लागलं तर कुठूनतरी पाणी येतंय, ते आधी शोधा. माझ्या दुसऱ्या खेपेला एसीचा पाणी सोडणारा पाइप कचऱ्याने तुंबला होता. तो तसाच राहता तर सीटबेल्टपर्यंत बुरशी चढली असती.

एसी शेवटच्या फेरीत बंद करून नुसता पंखा दहा मिनिटं चालवा, आतलं ओलं सुकतं. त्यानंतर हवेचं बटण रिसर्क्युलेशनवर ठेवून इंजिन बंद करा. बाहेरची हवा घेणारं झाकण त्यामुळे मिटतं, आणि उंदरांची केबिनमध्ये शिरायची एक वाट तिथूनच असते. सिलिका जेलच्या चार-पाच मोठ्या पिशव्या किंवा कापडी पिशवीत लोणारी कोळसा सीटखाली ठेवा. काचा पूर्ण वर. फट ठेवली तर हवा खेळते असं सांगणारे भेटतील. आपल्याकडे त्या फटीतून हवेआधी धूळ आणि डास येतात.

उंदीर

यावर प्रत्येक सोसायटीत एक तज्ज्ञ असतो. मी काय करतो ते सांगतो. बॉनेटखाली तंबाखूची सुकी पानं जाळीदार कापडात बांधून दोन-तीन ठिकाणी टांगतो, बॅटरीजवळ आणि फिल्टरच्या डब्याजवळ. वास महिनाभर टिकतो, म्हणून चावीवाल्याने दर फेरीला पुरचुंड्या बदलायच्या. डांबरगोळ्या फक्त बॉनेटखाली. केबिनमध्ये ठेवल्या तर तो वास दिवाळीपर्यंत कपड्यांना येतो. वासांवर मात्र सगळी भिस्त ठेवू नये, म्हणून वाटही अडवतो. एअर फिल्टरकडे हवा नेणाऱ्या पाइपच्या तोंडाला बारीक तारेची जाळी, आणि सायलेन्सरच्या नळीत भांडी घासायची तारेची घासणी कोंबून.

कोंबलंय हे परतल्यावर लक्षात राहत नाही. पाठकोऱ्या कागदावर ठळक अक्षरात 'सायलेन्सरमध्ये घासणी, फिल्टरला जाळी, बॅटरी सुटी' असं लिहून तो कागद स्टिअरिंगला दोऱ्याने बांधा. तासाभरापूर्वी विमानातून उतरलेल्या माणसाची स्मरणशक्ती फार धरू नये.

उंदराचं विष गाडीत कधीच ठेवायचं नाही. तो खातो आणि एसीच्या नळीत जाऊन मरतो. मग डॅशबोर्ड उघडावा लागतो.

बॅटरी

गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, रिमोटचा रिसीव्हर आणि आतला कॉम्प्युटर थोडा थोडा करंट खातच असतात. समजा 50 मिलिअँपिअर. म्हणजे दिवसाला 1.2 अँपिअर-अवर. छोट्या गाडीची बॅटरी बहुधा 35 अँपिअर-अवरची असते. भागाकार केला की 29 दिवस. तुमची गाडी यापेक्षा कमी खात असेल तर दोन महिने धरा, पण उन्हाळ्यात बॅटरी आपण होऊनही लवकर उतरते, आणि सहा महिने तर कुठल्याच हिशेबात बसत नाहीत. उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसतो, तो नंतर चार्ज करून पुरता जात नाही.

इथे शेजारचा भला माणूस मदतीला येतो. 'काका, चावी आपता जजो, दर अठवाडिये पाँच मिनिट स्टार्ट करी दईश.' म्हणजे चावी देऊन जा, दर आठवड्याला पाच मिनिटं सुरू करून देईन. मन मोडायचं नाही, पण हे करू द्यायचं नाही. आठवड्यात बॅटरी 8 अँपिअर-अवरच्या वर उतरलेली असते, जागच्या जागी पाच मिनिटं इंजिन चालवून त्यातला लहानसाच हिस्सा परत येतो. दुसरं असं की एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास एक लिटर पाणी वाफ होऊन तयार होतं. गाडी नीट तापली तर ती वाफ बाहेर जाते. पाच मिनिटांत तापत नाही, मग तेच पाणी थंड सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये उतरतं. सायलेन्सर आतून सडतो तो असा.

तेव्हा दोनच मार्ग. भरवशाचा, लायसन्स असलेला माणूस असेल तर त्याने घासणी आणि जाळी काढून महिन्यातून दोनदा गाडी 20-25 किलोमीटर रस्त्यावर चालवावी, एसी लावून, आणि आल्यावर ती पुन्हा लावावी. आमच्या भाच्याची आजव्याकडे फेरी ठरलेली असते. सयाजीरावांनी बांधलेलं सरोवर बघून येतो आणि गाडीचे टायर, ब्रेक, एसी, बॅटरी सगळ्यांचं काम एकदम होतं. असा माणूस नसेल तर बॅटरी सोडवून ठेवा आणि इंजिन कोणी सुरूच करू नये. मधलं काही करू नका.

सोडवायची पद्धत: आधी डिकी उघडून हवं ते बाहेर काढा, कारण पुष्कळ गाड्यांची डिकी विजेवर उघडते. एकेका काचेचं बटण दाबून सगळ्या काचा वर आहेत ना पाहा. चावी काढा, पाच मिनिटं थांबा. मग दहाच्या पान्याने काळी, म्हणजे निगेटिव्ह वायर आधी सोडवा. फक्त तीच सोडवून कापडात गुंडाळून बाजूला ठेवली तरी पुरतं. बॅटरी बाहेरच काढायची असेल तर त्यानंतर लाल वायर. जोडताना उलट क्रम: लाल आधी, काळी शेवटी. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून ब्रशने धुवा, कोरडं करा, वर व्हॅसलीनचा पातळ हात.

बॅटरी पूर्ण चार्ज असतानाच सोडवा. मल्टिमीटर असेल तर गाडी रात्रभर बंद ठेवून मोजा: 12.6 व्होल्ट असेल तर भरलेली, 12.4 च्या खाली असेल तर आधी चार्ज करून घ्या, 12 दाखवली तर ती जवळजवळ रिकामीच. पाणी घालायची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटर बघा.

आणि हो, बॅटरी सुटल्यावर रिमोट मेला. दार चावीने उघडावं लागतं. बटणाने सुरू होणाऱ्या गाड्यांच्या रिमोटमध्ये एक धातूची चावी दडवलेली असते, ती काढून दार उघडतं का ते आजच करून पाहा. विमानतळावरून येऊन रात्री अडीच वाजता शिकायची ही गोष्ट नाही.

टायर, ब्रेक आणि कव्हर

हवा नेहमीपेक्षा पाच-सहा पीएसआय जास्त भरा, स्टेपनीतही. टायरच्या बाजूवर जो जास्तीत जास्त आकडा छापलेला असतो त्याच्या पुढे जाऊ नका. विटांवर गाडी उचलून ठेवायचा सल्ला मिळेल. विटा फुटतात, तो नाद नको. महिन्यातून एकदा कोणी अर्धा चाकफेरा पुढे-मागे ढकलली तरी टायर एका जागी चपटे होत नाहीत.

हँडब्रेक लावून जाऊ नका. माझं चाक जाम झालं ते याच कारणाने. दमट हवेत ब्रेकचा लायनर ड्रमला चिकटतो. सपाट जागी उभी करा, पहिल्या गिअरमध्ये टाका, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. ऑटोमॅटिक असेल तर पी मध्ये. हँडब्रेक बटणाचा असेल तर बॅटरी सोडवण्याआधीच तो काढा, नंतर निघणार नाही.

कव्हर सुती किंवा हवा खेळणारं, आतून मऊ असलेलं घ्या. चकचकीत चंदेरी प्लास्टिकचं कव्हर स्वस्त मिळतं, पण आतली वाफ बाहेर सोडत नाही आणि वाऱ्याने फडफडून रंगावर चरे पाडतं. गाडी पूर्ण गार आणि कोरडी असताना टाका, पोटाखालून पट्टा आवळून घ्या. गाडी छपराखाली, धूळ नसलेल्या जागी असेल तर कव्हर नसलं तरी अडत नाही.

चावी कोणाकडे

तोंडी सांगून भागत नाही, एक कागद लिहून द्या. त्यावर गाडीचा नंबर, विमा कंपनीचा क्लेमचा फोन, तुमचा तिकडचा नंबर, फेऱ्यांच्या तारखा. निघताना किलोमीटरच्या आकड्याचा फोटो काढा. भाच्यावर संशय म्हणून नव्हे, गाडी खरंच चालली का ते कळायला. आणि लाल पेनने पुराचा नियम लिहा.

पाणी चढायला लागलंय अशी बातमी आली आणि वेळ असेल तर गाडी आधीच उंच जागी न्यायची. 2024 नंतर आपल्याकडे लोक पाऊस वाढला की गाड्या पुलावर लावून येतात, ते हसण्यासारखं नाही. पण गाडीत पाणी शिरलं असेल, मग ते ओसरून दोन दिवस झाले तरी, सेल्फ मारायचा नाही. चालू होते का बघायलासुद्धा नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरी सुटी असेल तर जोडायचीही नाही. फोटो काढायचे, विमा कंपनीला कळवायचं, टोइंग करून न्यायची.

परत आल्यावर

पहिल्या दिवशी झोपा. दुसऱ्या दिवशी उजेडात जा. कव्हर काढायच्या आधी गाडीखाली वाकून पाहा: तेलाचा, हिरव्या-गुलाबी कूलंटचा डाग आहे का. स्टिअरिंगवरचा कागद वाचा. घासणी आणि जाळी काढा. बॉनेट उघडून टॉर्चने वायरी बघा, फिल्टरचा डबा उघडा. ऑइल, कूलंट, ब्रेक फ्लुइडची पातळी पाहा. मग बॅटरी जोडा.

ब्रेकचं पॅडल चार-पाचदा दाबा, घट्ट लागलं पाहिजे. चावी फक्त ऑनवर नेऊन तीन सेकंद थांबा, बंद करा, पुन्हा ऑन. असं दोनदा, म्हणजे पेट्रोलचा दाब तयार होतो. आता सेल्फ. सुरू झाली की मिनिटभर रेस न देता राहू द्या. ऑइलचा लाल दिवा लगेच विझला पाहिजे, नाही विझला तर बंद करून मेकॅनिकला बोलवा. ठोकळे काढा. चाक जाम वाटलं तर जोर लावून रेस देऊ नका. पहिल्या आणि रिव्हर्स गिअरमध्ये हळूच पुढे-मागे डोलवा, 'टक्' करून सुटतं. तीन-चारदा केल्यावरही नाही सुटलं तर तो गॅरेजचा विषय.

पहिल्या किलोमीटरभर ब्रेक दाबताना खरखर ऐकू येईल, तो डिस्कवरचा गंज आहे, हलके दाबत गेलं की जातो. टायर पहिले काही किलोमीटर थडथडतात. जवळच्या पंपावर जा, जादा भरलेली हवा उतरवून नेहमीइतकी करा, टाकीत जागा असेल तेवढं ताजं पेट्रोल घाला. घड्याळ लावा. ड्रायव्हरची काच आपोआप पूर्ण वर जात नसेल तर बटण वर धरून काच मिटल्यावरही चार सेकंद दाबून ठेवा, बहुतेक गाड्यांत तेवढ्याने जमतं. आठ दिवसांनी सकाळी पुन्हा मल्टिमीटर लावा. रोज चालवूनही 12.4 च्या वर जात नसेल तर बॅटरी बदला.